डॅलस ते शमशाबाद

फोन ठेवता ठेवता गौरीनं विचारलं, "आई, इथून तिकडं यायला एकूण किती वेळ लागतो गं?"

चारुलता ओट्याशी उभी राहून अंबाडीची भाजी निवडत होती. फोन कांद्याच्या टोपलीला टेकवून ठेवलेला. "एक दिवस धर की," ती म्हणाली. "मधे आखातात विमान बदलायचं. तिथं जास्त बसावं लागलं तर दीड दिवस. का गं?"

"सहजच," गौरी म्हणाली आणि पडदा काळा झाला.

आणखी एक जुडी निवडून होईपर्यंत चारुलताच्या काही ध्यानात आलं नाही. मग तिचा हात थांबला. लग्न होऊन डॅलसला गेल्यापासून गौरीनं हा प्रवास स्वतः दोनदा केला होता. दोन वर्षांपूर्वी चारुलता लेकीकडे राहायला गेली, तेव्हा तिकिटापासून सगळी तजवीज गौरीनंच केली होती. कुठल्या विमानतळावर चपला काढायला लावतात, इथवर आईला पढवून ठेवलं होतं. जिला वाट पाठ आहे, तिनं वाट विचारावी? चारुलतानं गॅस बारीक केला आणि लेकीला परत फोन लावला. तो कुणी उचलला नाही.

चारुलता मूळची उदगीरकडच्या खेड्यातली. शिवराज बिरादारांशी लग्न होऊन अंबरपेठेत आली, तेव्हा तिला ना तेलुगू येत होतं ना इथली दख्खनी. शिवराजांचं राणीगंजला मोटारपंपांचं दुकान होतं. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दख्खनी, असं करत ती हैदराबादची झाली. गौरी शाळेत जायला लागल्यावर कोठी भागातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे तिनं नोकरी धरली. दारातल्या टेबलाशी बसायचं, आलेल्याचं नाव, वय, काय लागलं ते विचारायचं. ही नोकरी तिनं गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत केली.

त्या टेबलाशी बसून एक गोष्ट ती शिकली होती. मनगट सुजलेली एखादी बाई यायची. "क्या हुआ अम्मा?" असं चारुलता त्या बाईला विचारायची, आणि उत्तर द्यायचा नवरा. बाथरूममध्ये पाय घसरला, डाव्या कुशीवर पडली, मी बाहेर होतो, आवाज ऐकून धावलो. सगळं न अडखळता. मग चारुलता काहीतरी निमित्त काढून त्याला वरच्या मजल्यावर पिटाळायची आणि तो जिना चढेपर्यंत बाईच्या तोंडाकडे बघत राहायची. काही बायका बोलायच्या. बहुतेक जणी पदर नीट करायच्या.

आता त्या ओट्याशी उभं राहून तिला गेल्या वर्षभरातले लेकीचे फोन एकामागून एक आठवायला लागले. फोन नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल असाच लावलेला. मागून जावयाचा, सारंगचा, हसरा आवाज. आईनं "कशी हायस?" विचारलं की "मजेत आहोत आम्ही!" हे तिकडून सारंगनं म्हणायचं. डॅलसच्या भर उन्हाळ्यातही गौरीच्या अंगात लांब बाह्यांचा कपडा. दुसऱ्याच्या लेकीत हे दिसलं असतं, तर चारुलताला कळायला एवढा वेळ लागला नसता.

संध्याकाळी शिवराज दुकानातून आले. त्यांचा चहा पिऊन होईपर्यंतही तिला दम धरवला नाही.

"अहो, मला डॅलसला जायचंय."

"कशाला? काय झालं?"

"गौरीचं काही बरं नाही तिथं."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणालं नाही. मला वाटायलंय."

शिवराजांनी कप बशीत ठेवला. "अगं, चौदा हजार किलोमीटर हाय ते. उदगीर हाय का, उठलं आणि बसमध्ये बसलं? तुला वाटायलंय म्हणून काय अमेरिकेला पळायचं? संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच."

"भांडी लागायलीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" चारुलतानं विचारलं.

शिवराजांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

वरच्या मजल्यावर पल्लवी भाड्यानं राहायची. पुण्याची पोरगी, संगणकाच्या कंपनीत नोकरीला. चारुलता तिच्याकडे गेली आणि फार काही न सांगता म्हणाली, "मला लवकरात लवकरचं तिकीट काढून दे." व्हिसा जुना होता, पण मुदत शिल्लक होती. चौथ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळाली. चारुलतानं गौरीला मुद्दामच कळवलं नाही. लेकीच्या फोनवर पाठवलेला शब्द लेकच वाचते की आणखी कुणी, याची तिला आता खात्री वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारंगचा फोन आला.

"आई, तुम्ही येताय म्हणे! सरप्राइज होतं का?" तो हसला. "पण आत्ता नको. गौरीला जरा शांतता हवीय. डिसेंबरात या ना, मीच तिकीट काढतो. आणि इतका लांबचा प्रवास तुम्हाला एकटीला झेपायचा नाही, आई. वयाचा विचार करायला हवा आता."

"गौरीला द्या ना जरा."

"झोपलीय ती."

"आत्ता? तिकडं सकाळ झाली असंल की."

"रात्री तिला झोप लागत नाही," सारंग शांतपणे म्हणाला. "मग येत नाही ना तुम्ही? मी तिला तसं सांगतो."

"बरं," चारुलता म्हणाली. तिनं फोन ठेवला. ती शिवराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"मीच बोललो," शिवराज म्हणाले. "जावयाला न सांगता त्याच्या घरी जाऊन धडकणं बरं दिसतं का?" आणि मग, कुणी खोदून विचारलेलं नसताना, पुढचंही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. सहा महिन्यांमागं गौरीनं दुकानात फोन केला होता. अप्पा, हा हात उचलतो, म्हणाली होती. शिवराजांनी त्याच रात्री सारंगशी बोलून त्याला समजावलं. सारंग फोनवर रडला. पुन्हा होणार नाही म्हणाला. "मला वाटलं, मिटलं. उगं तुझ्या जिवाला घोर कशाला, म्हणून बोललो नाही. त्यानंतर पोरीनं एका शब्दानं तक्रार केली नाही."

"कशी करंल?" चारुलता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ती आत गेली, कपाटावरची बॅग खाली काढली आणि अंथरुणावर उघडी टाकली.

त्यानंतर गौरीचा फोन लागेना. घंटी जायची, जात राहायची आणि आपोआप बंद व्हायची. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पुन्हा सारंगच बोलला. या खेपेला त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

"गौरी तुमच्याशी काही बोलली का? मी कंपनीच्या कामानं ह्यूस्टनला आलोय. दुपारपासून ती फोन उचलत नाहीये. फोन तर घरातच आहे, मला इथून दिसतंय तसं."

चारुलता धावत वर गेली. पल्लवीनं इंटरनेटवरून तिकडच्या पोलिसांचा नंबर शोधला, पत्ता सांगितला, घरी जाऊन बघा म्हणून विनवलं. त्यांचा उलट फोन येईपर्यंत दोघी पलंगाच्या कडेला बसून होत्या. फोन आला. पल्लवीनं ऐकून घेतलं आणि हळूच सांगितलं, "काकू, घरात दिवा नाही. दार बंद आहे. हाका मारल्या, कुणी उत्तर देत नाही."

दुपारी सारंगचा तिसरा फोन. तो गाडी हाकत घरी पोचला होता. "ती घरात नाही. फोन उशीखाली ठेवलाय. कपाट मी बघितलं, पासपोर्ट नाही, छोटी बॅग नाही. ती निघून गेलीय, आई. मी ह्यूस्टनला होतो, हॉटेलवाले सांगतील. शेजाऱ्यांनाही उठवून विचारलं, कुणी बघितलं नाही." क्षणभर थांबून तो म्हणाला, "कुठंही गेली, तरी मी शोधीन तिला. तुम्ही काळजी करू नका."

पासपोर्ट नाही म्हणजे लेक सुटली, हे पहिल्यांदा चारुलताच्या मनात आलं आणि तिला एकदम मोकळं वाटलं. दुसऱ्याच क्षणी ती थंड पडली. कुठं होता, कोण साक्ष देईल, काय काय जागेवर नाही. सारंगनं सगळं ओळीनं सांगितलं होतं. एकदाही अडखळला नव्हता. कपाट उघडणारा तोच, पासपोर्ट नाही म्हणणारा तोच. बंद दारामागं पोलिसांना काही दिसलं नाही, पण ते आत कुठं गेले होते?

पल्लवीनं लॅपटॉपवर नकाशा काढून दाखवला. त्या घटकेला जगभर उडत असलेली सगळी विमानं, साखरेला लागलेल्या मुंग्यांसारखी.

"ह्यातल्या कशात ती हाय, ते कळंल का?"

"नाही काकू. विमानात कोण बसलंय ते कंपनी कुणाला सांगत नाही."

चारुलता तरी त्या मुंग्यांकडे बघत राहिली. अटलांटिकवरच्या एखाद्या ठिपक्यात तिची लेक डोळे मिटून बसली असेल. किंवा कुठल्याच ठिपक्यात नसेल. आणि उद्या सकाळी आपण विमानात बसायचं म्हणजे लेकीच्या जवळ जायचं की तिच्यापासून लांब, हेच तिला समजेना. लेक इकडं येत असेल तर समुद्रावर कुठंतरी दोघींची विमानं एकमेकांना ओलांडून जातील. लेक तिथंच असेल आणि आपण गेलो नाही, तर... पुढचं तिनं मनात येऊ दिलं नाही. देवापुढं दिवा लावायला गेली आणि काडी पेटवायची राहूनच गेली.

सकाळी शिवराजांनी गाडी काढली. मेहदीपटणमच्या पुढं लांबच लांब उड्डाणपूल लागतो. तो ओलांडून ते पुढं गेले. शमशाबादच्या विमानतळावर पोचल्यावर शिवराजांनी तिची बॅग उतरवली. परदेशी जाणाऱ्यांनी वरच्या मजल्यावरून आत शिरायचं, येणारे खालच्या मजल्यावरून बाहेर पडतात.

"तू जा," शिवराज म्हणाले. रात्रभरात त्यांचे गाल आत गेले होते. "मी खाली थांबतो. आखातातनं येणारी सगळी विमानं बघतो. आली तर घरी नेतो तिला."

"तुम्हाला एकट्याला बघितलं, तर ती तोंड फिरवून गर्दीतनं निघून जाईल," चारुलता म्हणाली.

शिवराजांनी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर सारंगचं नाव. "उचलू नका," ती म्हणाली. तो वाजू दिला. बंद झाला, पुन्हा वाजला. शिवराजांनी तो हातात घट्ट धरून ठेवला, पण उचलला नाही.

चारुलता बॅग ओढत खाली गेली. बाहेर पडायच्या दारासमोर लोखंडी कठडा होता, त्याला टेकून उभी राहिली. मक्केहून उमरा करून येणाऱ्यांना न्यायला चारमिनारकडची कुटुंबंच्या कुटुंबं आली होती. हातात गुलाबाचे हार, लेकरं कठड्यावर चढलेली. दार सरकलं की "आ गए, आ गए" असा गलका व्हायचा. पांढऱ्या कपड्यातले म्हातारे झमझमच्या पाण्याचे डबे ढकलत यायचे, मिठ्या पडायच्या. दुबईत राबून आलेले करीमनगरकडचे गडी खोकी घेऊन यायचे. चारुलता प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होती आणि ते तोंड गौरीचं नसलं की पुन्हा दाराकडं वळत होती.

पल्लवीचा निरोप आला: काकू, आता आत गेला नाहीत तर काउंटर बंद होईल.

चारुलतानं वाचलं. लेक ह्या दारातून आली, तर तिला दारात कुणीतरी दिसायला पाहिजे. नाही आली तर उद्याच्या विमानानं जाईन, मग एक दिवस उशीर... तो एक दिवस तिच्या छातीवर धोंड्यासारखा येऊन बसला. पण पाय कठड्यापासून हलले नाहीत. वर काउंटर बंद झाला असेल, तेव्हा खाली हारवाल्यांची गर्दी पांगून गेली होती. सरकतं दार बराच वेळ बंदच राहिलं. मग एक जोडपं आलं. मग एक चाकाच्या खुर्चीतली म्हातारी. मग कुणीच नाही.

आणि मग गौरी आली.

जाड, लांब बाह्यांचा स्वेटर, खांद्याला एक लहान बॅग. नजर फरशीवर. कुणी न्यायला आलं असेल अशी आशाच नसल्यासारखी ती कठड्याच्या कडेकडेनं चालली होती आणि आईला ओलांडून चार पावलं पुढंही गेली. चारुलतानं लोखंडी कठड्यावर हात आपटला. बांगड्या खणखणल्या.

गौरी वळली. आईकडे बघितलं, आईच्या बॅगेकडे बघितलं.

"आई? तू कुठं चाललीस?"

"तुझ्याकडंच की गं," चारुलता म्हणाली आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून कठड्याखालून वाकून पलीकडं गेली.

मिठीत घेतल्यावर गौरी आईच्या खांद्यावरून मागं बघायला लागली. खांबाशी शिवराज उभे होते. गौरीचं अंग ताठ झालं. "अप्पांनी त्याला सांगितलं?"

"नाही. आता नाही सांगणार ते."

शिवराज पुढं आले. लेकीच्या अंगाला त्यांनी हात लावला नाही. नुसती तिच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली आणि गाडीकडं चालायला लागले. चालताना त्यांचे खांदे हलत होते.

गाडीत गौरी मागच्या सीटवर आईला चिकटून बसली. उड्डाणपूल लागला तेव्हा बोलायला लागली. "त्या दिवशी तो मागंच उभा होता. तुला वाटलं का, मी तुला बोलावत होते?"

"मग काय?"

"मला खरंच वेळ माहिती करून घ्यायचा होता, आई. तो दोन दिवस ह्यूस्टनला जाणार होता. तेवढ्यात मी इथं पोचते की नाही, ते बघायचं होतं. फोनवर शोधलं असतं तर त्याला दिसलं असतं, तो सगळं चेक करतो. तुला विचारलं तर काय, आईशी गप्पा." शेजारी एक तेलुगू बाई राहायच्या. कचरा टाकायला म्हणून गौरी त्यांच्याकडे गेली. त्यांनीच तिकीट काढलं, त्यांनीच विमानतळावर सोडलं. नंतर सारंगनं विचारलं तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवले असणार. आखातात मधलं विमान मिळायला वेळ होता. तिथं रात्रभर ती बायकांच्या नमाजखोलीत बसून राहिली.

"एक फोन तरी करायचास गं."

गौरीनं पुढं गाडी चालवणाऱ्या बापाच्या पाठीकडं बघितलं. "घरी कुणी उचलला असता, काय माहीत."

शिवराजांनी आरशातून नजर काढून घेतली. तेवढ्यात त्यांच्या फोनवर निरोप आला आणि त्यांनी फोन मागं दिला. चारुलतानं तो वाचला आणि लेकीला दिसू नये म्हणून फोन उलटा धरला. सारंगनं लिहिलं होतं: अप्पा, एव्हाना ती पोचली असेल. मीही निघतोय. समोरासमोर बसून गैरसमज दूर करू.

दुसऱ्याच दिवशी चारुलता लेकीला कोठीत आपल्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढून उजेडावर धरला. हाड कधीतरी मोडून तसंच वाकडं जुळलेलं होतं. त्यांनी काही न विचारता ते लिहून दिलं. तो कागद घेऊन शिवराज स्वतः लेकीबरोबर पोलीस ठाण्यात गेले आणि ती सांगत होती तोवर बाहेरच्या बाकावर बसले.

सारंग आला तो हातात मिठाईचा डबा घेऊन. बरोबर त्याचे कोंडापूरला राहणारे काका, दिलीपराव. शिवराजांनी आतलं दार उघडलं, पण बाहेरच्या जाळीच्या दाराला लावलेलं कुलूप काढलं नाही.

"अप्पा, दहाच मिनिटं तिच्याशी बोलू द्या," सारंग म्हणाला. त्याचे डोळे प्रवासानं लाल झाले होते. "बायको आहे ती माझी."

"मागं एकदा तुमचं ऐकलं मी," शिवराज म्हणाले. "आता जे बोलायचं ते ठाण्यात. वकिलाशी."

"अहो, घरातली गोष्ट घरात मिटवायची असते," दिलीपराव मधे पडले. "तुम्ही समजूतदार माणसं."

"समजूत माझ्याकडं होती, म्हणूनच तिचं हाड वाकडं जुळलं," शिवराज म्हणाले. ते दारातून हलले नाहीत.

सारंग जाळीतून आत बघत राहिला. आतल्या खोलीच्या पडद्यामागं गौरी उभी होती. तिचे पाय त्याला दिसत असावेत. तो हसला, अगदी पूर्वी फोनवर हसायचा तसा.

"ठीक आहे. मला घाई नाही. कंपनीनं मला इथल्या ऑफिसात बसायची परवानगी दिलीय. काकांकडेच राहणार आहे मी आता." मिठाईचा डबा त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

त्या डब्याला कुणी हात लावला नाही. संध्याकाळी झाडणारीनं तो उचलून नेला.

खटला उभा राहिला आहे, तारखा पडताहेत. पल्लवीच्या ओळखीनं गौरीला नोकरी लागली. रोज सकाळी चारुलता तिच्याबरोबर रिक्षानं जाते, ऑफिसच्या फाटकातून ती आत गेली की मगच परतते. डॅलस आणि अंबरपेठेच्या मधे सगळा समुद्र होता, तेव्हा तिला झोप लागत नव्हती. आता कोंडापूर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तासाभराच्याच वाटेवर आहे. दुपारी कधी तरी गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी येऊन उभी राहते, काचा वर असतात. चारुलता गच्चीत कपडे वाळत घालता घालता तिच्याकडे बघते, नंबर वाचते आणि खाली येऊन ठाण्यात फोन लावते.